लीझल कार्लश्टाट: फालेंटिनच्या शेजारी उभी असलेली ती कोण होती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कार्ल फालेंटिन या जर्मन विनोदी नटाच्या १९३० च्या दशकातल्या चित्रफिती पाहताना त्याच्यासोबत नेहमी एक बाई दिसते, लीझल कार्लश्टाट. ती त्याची नुसती साथीदार होती, की स्वतः मोठी नटी होती? आणि तिने जीव द्यायचा प्रयत्न केला, पुढे ती सैनिकांसोबत डोंगरात राहिली, असं जे वाचायला मिळतं ते खरं आहे का? खरं असेल तर तिच्यावर ही वेळ का आली?

मी विनोदी नाटकं बसवते आणि नटांना शिकवते, त्यामुळे माझं उत्तर रंगमंचाच्या अंगानं जाईल. वाचलेलं खरं आहे. ती मोठी नटी होती, हेही खरं आहे. माझ्या मते तर फालेंटिनचा विनोद म्हणून जग जे ओळखतं, ती दोघांची मिळून केलेली गोष्ट आहे. कार्लश्टाटला बाजूला काढा आणि ती प्रहसनं पुन्हा वाचा. एका विक्षिप्त माणसाची बडबड तेवढी हातात उरते.

प्रश्नात ‘एक बाई दिसते’ असं म्हटलंय, तिथून सुरुवात करते. तिच्या गाजलेल्या कामांपैकी निम्मी बाईची नाहीतच. ‘ऑर्केस्टरप्रोबे’ या १९३३ च्या लघुपटात वाद्यवृंदाचा जो संतापलेला, पोट सुटलेला संचालक आहे, तो म्हणजे लीझल कार्लश्टाट. ‘डेर फिर्मलिंग’ या १९३४ च्या लघुपटात चर्चमधला धर्मसंस्कार आटोपून बापाबरोबर हॉटेलात आलेला, नव्या कपड्यांत अवघडलेला मुलगा आहे. तोही तीच. त्या वेळी तिचं वय ४१ होतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी हे आधी सांगत नाही. लघुपट संपल्यावर सांगितलं की अनेकांचा विश्वास बसत नाही, आणि ते तो पुन्हा पाहायला मागतात.

तिचं खरं नाव एलिझाबेथ वेलानो. जन्म म्युनिकचा, १२ डिसेंबर १८९२. बाप बेकरीत पाव भाजणारा, घरात नऊ मुलं, ही पाचवी. पैशांची कायम ओढाताण. शाळा संपल्यावर ती कापडाच्या दुकानात विक्रेती म्हणून लागली. त्या काळच्या म्युनिकमध्ये बिअर हॉलमधून ‘फोल्क्सझेंगर’ मंडळी गाणी, नकला आणि छोटी प्रहसनं करत. लोक समोर खातपीत बसलेले असायचे, आणि आवडलं नाही तर तोंडावर सांगायचे. दुकानाची नोकरी सोडून ती अशाच एका मंडळीत गेली. काम मिळालं सुब्रेटचं, म्हणजे लाडिक, नखरेल गाणी म्हणणाऱ्या मुलीचं.

१९११ मध्ये ‘फ्रांकफुर्टर होफ’ या ठिकाणी तिला फालेंटिननं पाहिलं. तो तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, स्वतः काटकुळा, लांब नाकाचा, आणि तोवर नावारूपाला येऊ लागलेला. त्यानं तिला सांगितलं की नखरेल गाणी हे तुझं काम नव्हे. अंगानं किरकोळ आहेस, लाजरी आहेस. तू याच गाण्यांची थट्टा कर. अठरा वर्षांच्या मुलीला हे ऐकून राग आला, आणि तो यायलाच हवा होता. पण नंतर तिनं तसं करून पाहिलं आणि लोक हसले. लीझल कार्लश्टाट हे नावही त्यानंच दिलं. कार्ल माक्सश्टाट हा त्याच्या आवडीचा गायक-विनोदवीर, त्याच्या नावावरून ते बेतलं. १९१३ पासून ती दोघं जोडीनं उभी राहू लागली, ती पुढची पंचवीसेक वर्षं. या काळात लहानमोठी सुमारे ४०० प्रहसनं झाली असं मानतात.

आता ज्या मुद्द्यावर मला सविस्तर बोलायचंय त्याकडे येते. तिचं काम नक्की काय होतं?

फालेंटिनच्या विनोदाची घडण अशी की ठरलेली गोष्ट कधी होतच नाही. वाद्यवृंदाची तालीम आहे, पण संगीत सुरू होत नाही. ग्रामोफोनच्या दुकानात गिऱ्हाईक आलंय, पण तबकडी विकली जात नाही. तो शब्दाचा अक्षरशः अर्थ घेतो, त्यावर शंका काढतो, शंकेतून भांडण काढतो, आणि भांडणात मूळ विषय बुडून जातो. ‘ऑर्केस्टरप्रोबे’त सायकलवाल्याचा प्रसंग आहे. रस्त्यानं जाताना आम्ही सायकलवाल्याबद्दल बोलत होतो आणि नेमका तेव्हाच सायकलवाला आला, काय योगायोग, असं फालेंटिन सांगतो. संचालक म्हणतो, अहो, रस्त्यावर सायकलवाले येतातच, यात योगायोग कसला? आणि तालीम तिथेच अडकते.

हा प्रसंग वाचला तर सगळी गंमत फालेंटिनच्या वाक्यांत आहे असं वाटतं. रंगमंचावर तसं नसतं. त्या संचालकाला संगीत खरोखर सुरू करायचं असतं. तो दर वेळी मनापासून समजावतो, वेळ जातोय म्हणून कासावीस होतो, तरी पुन्हा वादात ओढला जातो. त्याची ती धडपड जितकी खरी, तितका समोरचा अडथळा विनोदी. कार्लश्टाट हे इतक्या प्रामाणिकपणे करते की तिच्या चेहऱ्यावर ‘बघा, आता गंमत येतेय’ असा भाव चुकूनही दिसत नाही. नवशिक्या नटाचा हात इथंच सैल पडतो. जोडीदाराला हशा मिळतोय हे कळताच तो तोंड वाकडं करून स्वतःसाठी थोडा हशा काढायला जातो आणि प्रसंगातला ताण जातो. आपल्याकडे कीर्तनात बुवा कितीही लांब भरकटले तरी टाळकरी ठेका सोडत नाहीत, तसं तिचं काम होतं. फरक एवढाच की इथं ठेका धरणाऱ्याला दर प्रहसनात नवं माणूसही उभं करायचं होतं: कधी दुकानदारीण, कधी बायको, कधी कारकून, कधी चौदा वर्षांचा पोरगा.

दुसरी गोष्ट पडद्यामागची. फालेंटिनला दमा होता, आजारांची धास्ती होती, प्रवासाची भीती होती, आणि रंगमंचावर तो मूळ संहितेवरून सहज घसरायचा. त्याला परत आणायचं तर प्रॉम्प्टरसारखं कुजबुजून भागत नाही, कारण समोर लोक बसलेत. ते पात्राच्या तोंडूनच करावं लागतं: एखादा प्रश्न विचारून, एखादं वाक्य मुद्दाम पुन्हा म्हणून. ती हे रोज करत होती. शिवाय तालमीत जे सुचेल ते टिपून ठेवायचं, कपडे आणि मिशा-कल्ले सांभाळायचे, व्यवहाराचं बोलायचं, प्रयोगाआधी त्याची भीती घालवायची, हे सगळं तिच्याकडे. अनेक प्रहसनं दोघांनी मिळून रचली. छापली गेली ती मुख्यतः त्याच्या नावावर.

त्या काळच्या जाणकारांना जोडीची किंमत होती. १९२२ मध्ये बर्टोल्ट ब्रेख्त या जर्मन नाटककाराच्या ‘ट्रॉमेल्न इन डेर नाख्त’ या नाटकाचा पहिला प्रयोग म्युनिकमध्ये झाला. त्यानंतर त्यानं मध्यरात्रीचा एक विविधरंगी कार्यक्रम केला, त्यात ही दोघं होती. ब्रेख्त क्लॅरिनेट वाजवतोय आणि शेजारी फालेंटिन-कार्लश्टाट जत्रेतल्या बँडच्या थाटात उभे आहेत, असं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. १९२३ मध्ये ब्रेख्त आणि दिग्दर्शक एरिक एंगेल यांच्याबरोबर त्यांनी एक मूकपटही केला. बर्लिनमध्ये त्यांचे प्रयोग गाजले. १९३२ मध्ये माक्स ओफ्युल्सच्या ‘दी फरकाउफ्टे ब्राउट’ या चित्रपटात दोघंही आहेत. तरी लेखात, परीक्षणात ब्रेख्तनं चॅप्लिनच्या तोडीचा म्हणून ज्याला गौरवलं तो फालेंटिन एकटाच. आपल्या कामाचा माग न ठेवता काम करणं हे तिचं कौशल्य होतं, आणि परीक्षकांना माग दिसला नाही म्हणून त्यांनी श्रेयही दिलं नाही. विनोदी जोड्यांच्या बाबतीत हे पुष्कळदा होतं, पण इतक्या मोठ्या प्रमाणात झालेलं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

खासगी आयुष्याचं सांगायचं तर त्यांच्यात प्रेमसंबंध होते. फालेंटिननं त्याच १९११ साली गिझेला रोयेस हिच्याशी लग्न केलं होतं, त्यांना आधीच दोन मुली होत्या, आणि तो ते घर सोडणार नव्हता. कार्लश्टाटनं लग्न केलं नाही. दिवसभर तालीम, रात्री प्रयोग, मधल्या वेळात त्याच्या आजारपणाची काळजी, आणि तो आपल्या घरी गेला की ही आपल्या घरी. तिची बहीण अमालिया तिच्या बाजूला राहिली, हा तिला मोठा आधार होता. डोंगरात भटकायला तिला मनापासून आवडायचं; फालेंटिनला शहराबाहेर पडायचं म्हटलं तरी धाकधूक व्हायची.

त्याच्याशिवायही ती उभी राहू शकते हे या काळातच दिसलं होतं. ब्रुनो फ्रांकच्या ‘श्टुर्म इम वासरग्लास’ या नाटकात ती फुलं विकणाऱ्या बाईच्या भूमिकेत एकटी उतरली आणि म्युनिकच्या प्रेक्षकांनी तिला उचलून धरलं. पण फालेंटिनला ती हवी होती, आणि तीही परत आली.

मग १९३४ आलं. फालेंटिनच्या डोक्यात एक संग्रहालय होतं. त्यात भीतीदायक आणि तऱ्हेवाईक वस्तू एकत्र मांडायच्या: पुतळ्यांनी सजवलेली छळाची तळघरं, आणि त्यांच्या जोडीला थंडीत वापरायचं केसाळ दातकोरणं. ऑक्टोबर १९३४ मध्ये म्युनिकमधल्या हॉटेल वाग्नरच्या तळघरात हे ‘पानोप्टिकुम’ सुरू झालं. यात कार्लश्टाटनं आपली साठवलेली पुंजी घातली. लोक आले नाहीत. पैसे बुडाले. बेकरीवाल्याच्या घरात नऊ भावंडांत वाढलेल्या, दुकानात उभं राहून पोट भरलेल्या बाईच्या दृष्टीनं आयुष्यभराची बचत म्हणजे काय, हे इथं लक्षात घ्यायला हवं. ती तिची म्हातारपणाची सोय होती.

६ एप्रिल १९३५ रोजी तिनं इझार नदीत उडी घेतली. तिला वाचवण्यात आलं आणि मनोरुग्णांच्या रुग्णालयात ठेवलं. पुढे काही वर्षं नैराश्य येत-जात राहिलं, रुग्णालयाच्या वाऱ्या चालू राहिल्या.

याचं खापर फालेंटिनवर फोडून मोकळं व्हावं असा मोह होतो. मी तसं करणार नाही. नैराश्य हा आजार आहे. एका माणसाच्या वागण्यातून त्याचं सगळं कारण सापडत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्यानं तसा निकाल देऊ नये. पण तिच्या कामाची जी रचना झाली होती ती कोणालाही मोडून टाकेल अशी होती, हे मी ठामपणे म्हणेन. प्रेम, नोकरी, पैसा, नाव, चारही गोष्टी एकाच माणसाच्या हातात. एक बिघडली की बाकीच्या तीनही हलणार. रजा कोणाकडे मागायची? श्रेय कोणाकडे मागायचं? प्रसंगात समोरच्याला सावरणं ही तिची कला होती, आणि प्रयोग संपल्यावरही ती तेच करत राहिली. माझ्याकडे एखादी जोडी चांगली जमते तेव्हा मी दोघांनाही सांगते की संहितेवर कोणाचं नाव लागणार, मानधन कसं वाटायचं आणि आजारी पडल्यास बदली कोण, हे पहिल्याच महिन्यात लिहून काढा. पुष्कळांना ते रुक्ष वाटतं. कार्लश्टाटची गोष्ट मी तेव्हाच सांगते.

बरं वाटल्यावर ती पुन्हा त्याच्याबरोबर कामाला लागली. बाहेर काळ बदलला होता. ‘दी एर्बशाफ्ट’ हा त्यांचा १९३६ चा लघुपट नाझी राजवटीनं बंद पाडला. एका कंगाल जोडप्याला वारशात बुटक्या माणसाच्या मापाचं फर्निचर मिळतं, एवढीच त्याची गोष्ट. गरिबी दाखवली हा त्याचा गुन्हा. पुढे १९३९ मध्ये फालेंटिननं ‘रिटरश्पेलुंके’ हे नवं ठिकाण उघडलं तेव्हा त्याच्यासोबत आनेमारी फिशर ही तरुण नटी होती. या सुमारास जुनी जोडी फुटली.

सैनिकांचा भाग येतो तो यानंतर. १९४१ ते १९४३ या काळात ती ऑस्ट्रियाच्या टायरोल भागातल्या एअरवाल्डजवळच्या डोंगरकुरणावर, पहाडी सैन्याच्या एका तुकडीत राहिली. ही तुकडी सामान वाहणाऱ्या खेचरांची. कार्लश्टाट खेचरांची देखभाल करायची, गणवेश घालायची, आणि सैनिकांनी तिला ‘गेफ्राइटर गुस्टाफ’ (गेफ्राइटर म्हणजे साध्या शिपायाच्या वरची पायरी) असा पुरुषी हुद्दा देऊन टाकला होता. रंगमंचावर इतकी वर्षं पुरुष साकारलेल्या बाईनं आता चोवीस तास तोच वेश घेतला. मला यात विचित्र काही वाटत नाही. तिथं कोणाला सावरायचं नव्हतं. जनावरांना वेळेवर खायला-प्यायला घालायचं, डोंगर चढायचा, रात्री झोपायचं. कामाला सुरुवात होती आणि शेवट होता. ती तिथं सावरली, हे नक्की. मात्र ते हिटलरचं सैन्य होतं आणि ती तुकडी युद्धासाठीच तयार होत होती, हेही विसरून चालणार नाही. तिच्याविषयीच्या काही लिखाणात हा काळ एखाद्या गोड डोंगरी गोष्टीसारखा रंगवतात, ते मला पटत नाही. तिला शांतता मिळाली आणि ती अशा ठिकाणी मिळाली, दोन्ही सांगायला हवं.

युद्धानंतर फालेंटिनचे हाल झाले. त्याचा विनोद आता लोकांना कडू वाटू लागला होता आणि रेडिओवरचे त्याचे कार्यक्रम श्रोत्यांच्या तक्रारींमुळे थांबले. १९४७ अखेर ते १९४८ च्या सुरुवातीला दोघं पुन्हा एकत्र उभी राहिली, म्युनिकच्या एका लहान रंगमंचावर. ९ फेब्रुवारी १९४८ रोजी तो न्यूमोनियानं गेला. वय ६५. तो कार्निव्हलचा सोमवार होता, म्युनिकमध्ये विनोदाचा सण असलेल्या दिवसांतला.

इथं बरेच लेख संपतात, आणि मला त्याचं सर्वांत जास्त वाईट वाटतं. कारण तिची सर्वांत स्थिर कारकीर्द इथून पुढे आहे. बव्हेरियाच्या रेडिओवर मिखल लांग या नटाबरोबरच्या ‘ब्रुमल-गशिख्टेन’मधून आणि नंतर ‘फामिली ब्रांडल’मधून तिचा आवाज घराघरात पोचला. ‘ब्रांडल’मध्ये ती घरची आई, आणि ही आई म्युनिकच्या बोलीत बोलणारी, व्यवहारी, ओरडणारी पण मनानं भली. म्युनिकच्या मोठ्या नाट्यगृहांतून तिला भूमिका मिळू लागल्या. चित्रपट आले: ‘डास डोपेल्टे लोटशेन’ १९५० मध्ये, रोमी श्नायडर असलेला ‘फॉयरव्हेर्क’ १९५४ मध्ये, ‘व्हिअर वुंडरकिंडर’ १९५८ मध्ये. यांत तिच्या भूमिका लहान आहेत, तरी ती पडद्यावर आली की शेजारचे नट आपोआप खरे बोलू लागतात. ३ नोव्हेंबर १९५६ रोजी जर्मन दूरचित्रवाणीवर पहिली जाहिरात दिसली, पर्सिल या धुण्याच्या पावडरीची. टेबलावरची स्वच्छ चादर खराब करणारा नट बेप्पो ब्रेम, आणि त्याच्यासमोर लीझल कार्लश्टाट. म्हणजे त्या दिवशीही प्रसंग जुनाच होता, पसारा घालणारा पुरुष आणि तो निस्तरणारी बाई. फक्त या वेळी मानधन तिच्या स्वतःच्या नावावर होतं.

२७ जुलै १९६० रोजी गार्मिश-पार्टेनकिर्खनला, आवडत्या डोंगरांच्या पायथ्याशी सुट्टीवर असताना, मेंदूतल्या रक्तस्रावानं ती गेली. वय ६७. पुढच्याच वर्षी म्युनिकच्या व्हिक्टुआलियेनमार्क्ट या भाजीबाजारात तिच्या पुतळ्याचं कारंजं उभं राहिलं. फालेंटिनचं तिथं १९५३ पासून होतं. इझारटोर या जुन्या वेशीतलं संग्रहालय १९५९ मध्ये सुरू झालं तेव्हा त्यावर एकट्या फालेंटिनचं नाव होतं. तिचं नाव पुष्कळ नंतर जोडलं गेलं, आणि आता ते ‘फालेंटिन-कार्लश्टाट-मुझेउम’ आहे.

चित्रफिती पाहणार असाल तर माझा क्रम असा. आधी ‘इम शालप्लाटेनलाडेन’ हा १९३४ चा, तबकड्यांच्या दुकानातला लघुपट. भाषा कळली नाही तरी चालेल. पहिल्यांदा फालेंटिनकडे बघून हसून घ्या. दुसऱ्यांदा फक्त विक्रेतीकडे पाहा: तिची सभ्यता टप्प्याटप्प्यानं कशी झिजते, आवाज चढायच्या आधी हात कसे बदलतात. एकेकाळी तिनं हेच काम पोटासाठी केलं होतं. मग ‘ऑर्केस्टरप्रोबे’. तिथं ती पुरुषाचा आवाज काढायला जात नाही. अधिकार गाजवायची सवय झालेल्या माणसाचं अंग धरते आणि आवाज त्यातून आपोआप येतो. पुरुष-भूमिका करणाऱ्या मुलींना मी हे दहादा दाखवते.

शेवटी ‘डेर फिर्मलिंग’. बाप पीत जातो, मुलालाही पाजतो, टेबल-खुर्च्यांची दैना होते. फालेंटिन अंगभर धुमाकूळ घालतो, तेव्हा नजर त्या मुलावर ठेवा. बापाची लाज वाटणं, बापाचं कौतुक वाटणं, भूक, झोप आणि हळूहळू चढत जाणारी नशा, हे सगळं ती एका खुर्चीत बसून करते. त्यातला एकही भाव बापाच्या विनोदाच्या आड येत नाही.